माझ्या मायनं अंगठा दिला नाय

"वरून टाक. हाताला शिवू नको त्याच्या."

हे आबा, गावचा मालक, पुजाऱ्याला म्हणला. माझा बा खंडोबाच्या शेवटच्या पायरीखाली, मातीत, ओंजळ पुढं करून उभा होता. पुजाऱ्यानं तीन पायऱ्या वरून बेलाचं पान आन् चिमूटभर भंडारा सोडला. अर्धा भंडारा वाऱ्यानं उडाला आन् बाच्या डोळ्यात गेला. डोळा चोळायला हात मोकळा नव्हता. बा तसाच मिचमिचत उभा राहिला, आन् वर बसलेले लोक हसले.

"म्हण आता. मत आबांच्या बाईला देईन, नाय तर माझ्या लेकराबाळांचं वाटोळं होईल."

बा म्हणला. निवडणुकीला आबाच्या बाईच्या विरोधात उभी होती ती बाची बायको होती. माझी माय. माझ्या बाला त्याच्याच बायकोच्या विरोधात बेलभंडार उचलायला लावला.

तव्हा आमी आबाला अहो-जाहो करायचो. आता मी करत नाय. कोणाला खटकत असंल तर खटकू द्या.

पाचोडच्या पलीकडं आमचं गाव. ग्रामपंचायतीची निवडणूक दोन दिसांवर आली होती. आमचा वॉर्ड म्हंजी आमची बौद्धांची वस्ती आन् कडेची पाच-सहा मुसलमानांची घरं. त्या वर्षी आमच्या वॉर्डातली जागा आमच्या बायांसाठी राखीव निघाली. आबाच्या गोठ्यात शेण काढणारी सुंदरबाई होती, आमच्याच वस्तीतली. आबानं तिला उभी केली. वस्तीनं माझ्या मायला उभी केली. आबाला सांगितलं तव्हा तो हसला. म्हणला, "राहू द्या की उभी. लोकशाही हाय."

आमच्या घरातले देव माझ्या आज्यानंच विहिरीत सोडले होते. देवळात आम्हाला घेत नव्हते, आन् आम्हालाही जायचं नव्हतं. पण निवडणूक आली की वस्तीला पायरीपर्यंत बोलावणं यायचं. एरवी आमच्या सावलीनं बाटणारा देव मतदानाच्या आधी दोन दिस बाटत नव्हता. रीतच होती ती. बापे, बाया, म्हातारेकोतारे, सगळ्यांनी रांगेत यायचं, बेलभंडार उचलायचा, तोंडानं म्हणायचं आन् मुकाट्यानं घरी जायचं.

बाच्या मागं मी होते. एकोणीस वर्षांची. वस्तीतली दहावी पास झालेली पहिली पोरगी.

"ही शिकलेली हाय," आबा म्हणला. "हिला मोठ्यानं म्हणू द्या. मागच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल."

मी मोठ्यानं म्हणले. मायच्या विरोधात मत देईन म्हणून खणखणीत म्हणले. माझ्याही हातावर भंडारा वरून पडला. आन् सांगू का, मला तव्हा लाज वाटली नाय. मी आतल्या आत हसत होते. कारण आदल्या हप्त्यात मीच समाजमंदिरात सगळ्या वस्तीला बसवून शाळेतलं नागरिकशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. मत गुप्त असतं. कोणी कोणाला दिलं हे कोणालाच कळत नाय. मी म्हणले होते, "भंडारा उचला, तोंडानं म्हणा, आन् आत गेल्यावर आपल्या बाईवर शिक्का मारा. आबाचा बाप आला तरी त्याला कळायचं नाय."

लोकांनी माझ्यावर इस्वास ठेवला. छापलेल्या पुस्तकावर ठेवला. छापलेलं खोटं असतं, हे आमच्या वस्तीला कुठून ठाऊक असणार?

आबाच्या बापाची बी गोष्ट सांगते, म्हंजी हे किती जुनं हाय ते कळंल. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, तव्हा माझा आजा तरणा होता. कोणी पुढारी गावात येऊन सांगून गेला, आता राजा पेटीतून निघणार, आन् पेटीत तुमीच टाकणार. आजा पहिल्या मतदानाला धुतलेलं धोतर नेसून, उपाशीपोटी गेला, उपास धरल्यासारखा. आबाचा बाप शाळेच्या दारात उभा होता. त्यानं आज्याच्या हातातली चिठ्ठी घेतली, म्हणला, "तुला काय कळतंय यातलं," आन् आत जाऊन टाकून आला. आजा घरी आला. आजीनं इचारलं, मत दिलं का? आजा म्हणला, "दिलं की. मालकाच्या हातात दिलं." हे आमच्या घरात लई वर्षं इनोद म्हणून सांगायचे. मी बी हसायची. आता त्या इनोदाचा मला राग येतो.

मतदान शाळेत झालं. आमच्या वॉर्डाची पेटी येगळी. मी आत गेले, पुठ्ठ्याच्या आडोशाला उभी राहिले आन् मायच्या चिन्हावर शिक्का दाबला. जल्मात पहिल्यांदा कोणी मागं उभं नव्हतं. कोणी "आटप लवकर" म्हणत नव्हतं. तेवढा एक मिनिट त्या पुठ्ठ्यामागं मी आबाएवढीच होते, तसूभर कमी नाय. लोकशाही काय असते म्हणून कोणी इचारलं तर मी आजही तो एक मिनिट सांगते.

दुसऱ्या दिशी पैठणला तहसिलात मोजणी झाली. आन् तिथं माझं पुस्तक उघडं पडलं.

पेट्या वॉर्डावार उघडल्या. आमच्या वॉर्डाची पेटी एका टेबलावर उलथली. भोवती आबाची माणसं बसलेली. सुंदरबाईला अकरा मतं. बाकी सगळी मायला. आता मला सांगा, यात गुप्त ते काय राहिलं? अख्ख्या वस्तीनं पायरीवर आण घेतली होती, आन् पेटीतून अकरा निघाली. कोणी मोडली हे शोधायची गरजच नव्हती. सगळ्यांनीच मोडली होती. माझ्या पुस्तकात मत गुप्त असतं एवढंच लिहिलं होतं. एका वस्तीची एकच पेटी असली तर काय, ते लिहिलं नव्हतं.

वस्तीत हलगी वाजली. मायच्या कपाळाला गुलाल लागला. बा दारू पीत नव्हता, पण त्या दिशी पिल्यासारखा नाचला. रशीदचाचाची पिठाची गिरणी आमच्या वस्तीला लागून. तो नाचात आला नाय. लांबूनच मला म्हणला, "बेटी, हलगी बंद करो. आबा चुप बैठा है. वो चुप बैठा तो मेरेकू डर लगता."

मी म्हणले, "चाचा, आता काय करतो तो? निकाल लागला की."

दुसऱ्या दिशी सकाळी नऊ वाजता आले. उजेडात आले, तोंडं न झाकता आले. पंचवीस-तीस जण. काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे, सायकलच्या चेनी. पुढं आबाचा थोरला पोरगा. मागं आबा, आन् त्याच्या मागं एक गडी डोक्यावर खुर्ची घेऊन. आमच्या बाजंवर आबा बसणार नव्हता, म्हणून मारायला येताना बसायची खुर्ची घरून आणली होती.

सुंदरबाईला आधीच गोठ्यात झोडपली होती, हे मागाहून कळलं. उभं राहून हरली म्हणून.

वस्तीतले बापे बरेचसे कामाला गेलेले, उरलेले तुरीत पळाले. माझा बा पळाला नाय. दारात उभा राहून हात जोडून म्हणला, "आबा, माझी चूक झाली, लेकरं आत हायेत." त्याला फरफटत गल्लीत आणला. समाजमंदिराचं दार फोडलं. आत निळ्या कोटातल्या आमच्या बापाचा फोटो होता, त्याची काच फुटल्याचा आवाज मला अजून येगळा ओळखू येतो. नळाची तोटी उपटून काढली. पाणी उडायला लागलं, गल्लीत चिखल झाला आन् त्या चिखलात बाला पाडला.

"कोण्या हातानं उचलला रं भंडारा?" थोरल्यानं इचारलं.

बा काय सांगणार होता, दोन्ही हातांची ओंजळ होती. त्यांनी उजवा निवडला. आमच्या दारातल्या धुण्याच्या दगडावर हात ठेवला. एक जण खांद्यावर बसला, एकानं बोटं धरली. कुऱ्हाडीचा दांडा तीनदा आला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. पहिल्या दोन वेळा बा वरडला. तिसऱ्या वेळी नाय वरडला, नुसती लघवी झाली त्याला. मी हे लिहू नये असं माझ्या भावाला वाटतं. मी म्हणते, ज्यानं केलं त्यानं लाजावं, माझ्या बानं का?

मला झिंज्या धरून आबाच्या खुर्चीपुढं बसवलं. आबानं धोतरावरचा चिखल झटकला. खिशातून कोरा कागद काढला. पंचायतीच्या कचेरीतली शाईची गादी बी आणली होती. किती तयारीनं आलेला माणूस!

"पोरी, तुझं अक्षर चांगलं हाय म्हणतात. लिही. माझी तब्येत बरी राहत नसल्यानं मी सदस्यपदाचा राजीनामा देत आहे. खाली मायचा अंगठा."

हातात पेन दिला. खरं सांगते, मी घेतला. कागद मांडीवर ठेवला आन् 'प्रति' लिहिलं. एवढं लिहिलं.

बा चिखलातून म्हणला, "लिही, पोरी. लिहून दे. मरू आपण."

माय भिंतीला टेकून होती, दोघांनी धरलेली. कपाळावर कालचा गुलाल तसाच. ती म्हणली, "लिहू नको."

"लिही गं," बा रडत होता.

"लिहू नको. हात मोडून झाला ना त्यांचा? मंग आता कशाला लिहिती?"

मायला एक अक्षर येत नव्हतं. माझं दहावीचं डोकं भीतीनं गार पडलं होतं, आन् ह्या आंगठेबहाद्दर बाईनं हिशेब बरोबर लावला होता. जो मार पडायचा तो पडलाच होता. आता कागद दिला तर मार बी आमचा आन् जागा बी त्यांची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार आमच्या सात पिढ्यांनी खाल्ला. त्या एका सकाळी मायनं तोंड उघडलं.

मी पेन चिखलात टाकला.

"नाय लिहित."

थोरल्यानं थोबाडीत मारली. दात तुटून ओठात घुसला.

"नाय लिहित."

चेन पाठीवर बसली. एकदा, दोनदा. पुढचं मोजलं नाय. मी तेच म्हणत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता, चार दिसांपूर्वी पायरीवर खणखणीत खोटं बोलणारी पोरगी तीच का, असं वाटत होतं. त्या पायरीवर मला लाज वाटली नव्हती ना, ती सगळी लाज आत्ता आली. आबाची भीती नव्हती ती. लपून जिंकायला गेले त्याची लाज. मी वस्तीला कावा शिकवला, छाती शिकवली नाय.

मंग कागद त्यांच्यातल्याच एकानं लिहिला. राहिला मायचा अंगठा. मायनं मूठ आवळली, अंगठा आत. चार बापे एका बाईची मूठ उघडायला लागले. तिची बोटं एकेक करून मागं वाकवत होते. करंगळी मोडली. तिच्या शेजारचं बोट मोडलं. अंगठा निघंना. थोरला खाली वाकला, दोन्ही हातांनी अंगठा वर वढायला लागला, आन् मायनं त्याच्या मनगटाला दात लावले. कुत्रं सुटंल पण माय सुटली नाय. थोरला बैलासारखा वरडला. रक्त त्या कागदावर सांडलं. लिहिलेलं सगळं भिजून गेलं.

तेवढ्यात आबाच्या गुडघ्यावर दगड बसला. खुर्ची उलटी झाली, आबा चिखलात. गल्लीच्या तोंडाला सुंदरबाई उभी होती. एक डोळा सुजून बंद झालेला, लुगडं फाटलेलं, हातात दुसरा दगड. तिच्या मागं वस्तीतल्या बाया. मुसळं, खुरपी, तव्याखालची जळती लाकडं. कोणी घोषणा दिली नाय. मारलं. मी बी मारलं. थोरल्याच्या पाठीत मुसळ घातलं, आन् मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. हिंसा वाईट असते हे मला शिकवायला बरेच जण येऊन गेले. ते सगळे मागाहून आले.

ते पळाले. खुर्ची आमच्या गल्लीतच राहिली. बायांनी तिची लाकडं चुलीत घातली.

त्या सांजंला सुंदरबाई मायच्या मोडलेल्या बोटांना हळद बांधत होती. बांधता बांधता म्हणली, "अक्का, अकरात मी नाय बरं का. मी बी तुलाच दिलं होतं."

माय त्या हालतीत हसली. "मंग तू उभी कशाला राहिली गं मेले?"

"मला कुठं इचारलं त्यांनी!"

आता लोकशाहीचं पुढचं ऐका. पोलीस आले. आमची फिर्याद घेतली, त्यांची बी घेतली. आमच्यावर दरोड्याचं कलम लावलं. पंचवीस-तीस लोकांच्या अंगावर बायांनी दरोडा घातला म्हणं. बाला औरंगाबादला सरकारी दवाखान्यात महिनाभर ठेवला. हात राहिला, पण मूठ पुन्हा कधी वळली नाय. गावानं आमच्याशी देणं-घेणं तोडलं. किराणा नाय, काम नाय. रशीदचाचानं गिरणीच्या दारात मला अडवलं आन् खाली बघत म्हणला, "मेरेकू भी इसीच गाव में रहना है, बेटी. इधर मत आ. तेरा दाना मैं बाजार के दिन पाचोड से पिसाके लाता." आन् खरंच आणायचा, सायकलीवर, आठ महिने. मला त्याचा राग बी होता आन् उपकार बी वाटायचे, दोन्ही एकाच पिशवीत यायचं.

कोर्टात खटला लई वर्षं चालला. साक्षीदार एकेक करून फिरले. बा तारखेला जाऊन जाऊन थकला आन् निकालाच्या आधी वारला. सगळे सुटले. पुरावा नाय म्हणून. बाचा हात मी कोर्टात कसा नेऊन दाखवणार होते, तो तर जाळून झाला होता.

माय मात्र पाच वर्षं सदस्य राहिली. पंचायतीची बैठक आबाच्या वसरीवर भरायची. मायला उंबऱ्याबाहेर बसवायचे. सहा महिने बसली. सातव्या महिन्यात तिनं घरून आपलं पोतं नेलं, आत जाऊन मधोमध अंथरलं आन् बसली. "माझ्या बसण्यानं तुमचं घर बाटत असंल तर बैठक कचेरीत घ्या," म्हणली. पुढची बैठक कचेरीत झाली. पाच वर्षांत वस्तीला एक नळ आला आन् समाजमंदिराला नवं दार आलं. बस, एवढंच. तेवढ्यासाठी एक हात, दोन बोटं आन् माझा एक दात.

म्हणून लोकशाहीनं काय दिलं म्हणून भाषण करणारे दिसले की मला हसू येतं, आन् काहीच दिलं नाय म्हणणारे दिसले की राग येतो. अहो, काहीच नसतं तर आबानं खुर्ची डोक्यावर देऊन माणूस आणला असता का? ज्याला किंमत नाय त्याच्यासाठी कोणी कोणाचा हात मोडत नाय. आमच्या आज्याच्या हातातली चिठ्ठी मालकानं नुसती काढून घेतली, मारलं नाय, कारण आजा देत होता. आमी दिली नाय. कायद्यानं आम्हाला मत दिलं, पण ते मत घेऊन घरी जायची वाट दिली नाय. ती वाट आमची आम्हालाच पाडावी लागली.

गावात पोट भरंना म्हणून मी चितेगावला गेले. कंपनीत पॅकिंगला, पंचवीस वर्षं. खोली भाड्याची. पण नाव गावच्या यादीतून काढू दिलं नाय. दोनदा काढलं, दोनदा पैठणला जाऊन भांडून घातलं. बाबू म्हणायचा, "बाई, चितेगावलाच टाका की नाव, सोयीचं पडंल." मी म्हणायचे, सोय नको, गाव पाहिजे. दर मतदानाला सुट्टी टाकून गेले. माय मेली त्या वर्षी बी गेले, सुतकात.

आन् एक गोष्ट सोडली. गुप्त मत सोडलं. कायदा गुप्त ठेवा म्हणतो, ठेवू द्या त्याला. मी मतदानाच्या आधी चावडीपुढं उभी राहून सांगते, ह्याला देणार, त्याला देणार नाय. वस्तीतल्या पोरींना बी आता मी पुस्तक वाचून दाखवत नाय. त्यांना सांगते, कळणारच हाय. मशीन आली तरी आपल्या बूथचा आकडा त्यांना कळतोच. तव्हा कळणार हे धरून मत द्या. घरात मुसळ आधी काढून ठेवा, मंग मताला जा.

आता सरपंच थेट लोकांतून निवडतात. ह्या खेपेला आमच्या गावची जागा खुली निघाली. मी कंपनी सोडून घरी आले होते. पैठणला तहसिलात गेले, अर्ज भरला. टेबलावरच्या साहेबानं अर्ज वरखाली बघितला.

"बाई, ही जागा खुली हाय. राखीव नाय. चुकून भरताय."

"चुकून नाय."

"तुमची राखीव पुढच्या खेपेला येईल की."

"साहेब, खुली म्हंजी कोणाची?"

साहेबानं अर्जावर शिक्का मारला. पोच दिली.

काल आबाच्या थोरल्याचा फोन आला. आबा केव्हाच गेला, आता हाच गावचा आबा. सुंभ जळला तरी पीळ जात नाय, पण आवाजात साखर होती. "अक्का, झालं गेलं इसरून जा. गाव बिनविरोध करू. भांडण नको. तुमच्या वस्तीतल्या पोरांच्या नोकरीचं बघतो की."

मी म्हणले, "बिनविरोध म्हंजी लोकांना इचारायचंच नाय, असंच ना?"

मंग साखर संपली.

"मागची आठवण हाय ना?"

"हाय. तुझ्या मनगटाला बी असंल."

फोन ठेवला त्यानं.

उद्या दुपारी तीनपर्यंत अर्ज मागं घ्यायची मुदत हाय. अर्ज मागं घ्यायला उमेदवारच लागतो असं नियम म्हणतो, पण नियम किती पातळ असतो ते मी पाहिलंय. माझ्या नावानं, माझ्यासारखी सही करून कोणी कागद देऊन मोकळं होईल. म्हणून मी सकाळच्या पहिल्या गाडीनं पैठणला जाणार हाय. त्या टेबलापुढं जमिनीवर नाय, खुर्ची मागून घेऊन बसणार. साहेबानं हाकललं तरी, थोरला येऊन बाजूला उभा राहिला तरी. तीन वाजेपर्यंत मी तिथून उठणार नाय.